पाणी मागायला २१ प्रश्न

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार, जिभेपासून सुरू होतो तेव्हा शेजाऱ्यांना आधी दारूची शंका येते आणि घरच्यांना कवळीची. बोलणं जड झालेलं असतं, संध्याकाळी जरा जास्तच. मग टाळूचा मागचा मऊ भाग पुरेसा वर उचलला जात नाही, हवा नाकावाटे निसटते आणि 'ब'चा 'म' होतो, 'द'चा 'न'. माणूस 'बाबा' म्हणतो, ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येतं. 'दादा'चं 'नाना' होतं. ज्या घरात मामाही आहेत आणि नानाही, तिथे भलताच माणूस उठून येतो. पुढे जिभेचं टोक थकतं, आणि 'ळ', 'र', 'ट', 'ड' एकमेकांत कालवले जातात.

हा आजार बरा होत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हातात दोन ते पाच वर्षं असतात. म्हणून पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारं, पथक निदानाच्या सुमारासच घरात यावं लागतं. ते आलं तरी श्वास, गिळणं, लाळ यांचंच काम इतकं असतं की बोलण्याची सोय यादीत खाली खाली सरकते. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, येतं, पोटात नळी घालायची तारीख ठरते, हवेची गादी येते. बोलण्याचं मात्र 'आम्हाला कळतं हो त्यांचं' यावर भागवलं जातं. बायकोला कळतं, हे खरंच. रात्री ब्युरोतून येणाऱ्या मावशींना कळत नाही, आणि एक दिवस बायकोलाही कळेनासं होतं. तेव्हा साधन शोधायला बसलं तर उशीर झालेला असतो, कारण कुठलंही साधन शिकायचं तर अंगात थोडी हालचाल आणि बरीच उमेद शिल्लक लागते.

साधन म्हटलं की डोळ्यांनी चालणारा संगणक आठवतो. त्याच्याकडे पुढे येऊ. आधी एक कागद, अक्षरांचा तक्ता: समोरचा एकेक अक्षर विचारत जातो आणि आजारी माणूस हव्या त्या अक्षराला इशारा करतो.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच. क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्गाला जीभ वर वळते, त-वर्गाला ती दातांना टेकते, प-वर्ग ओठांवर. आवाज तोंडात कुठे घडतो त्या क्रमाने लावलेली ही अक्षरं तोंड चालेनासं झालेल्या माणसाच्या उपयोगी पडतात, आणि तीही त्या क्रमामुळेच. 'त' म्हटलं की पुढे थ, द, ध, न येणार हे पहिलीपासून पाठ असतं. म्हणून आजारी माणूस त्याच्या अक्षराची वाट आधीपासूनच पाहत असतो आणि इशारा वेळेवर देतो. इंग्रजीचे असे तक्ते बऱ्याचदा अक्षरांच्या वापराच्या प्रमाणात नव्याने मांडतात, आणि मग ती नवी मांडणी दोघांनाही शिकावी लागते. मराठी माणसाचं हे काम बाईंनी कधीच करून ठेवलेलं असतं.

तरी शाळेतला तक्ता जसाच्या तसा उचलून चालत नाही. त्यात सुरुवातीला बारा स्वर असतात, शेवटी क्ष-ज्ञ असतात आणि मधे ङ, ञ ही कोणी न वापरलेली अक्षरं जागा अडवून बसतात. कामाचा तक्ता आठ ओळींचा पुरतो. पहिली ओळ स्वरांची, म्हणजेच मात्रांची: आ, इ, उ, ए, ओ, अं, अ. दुसरी क, ख, ग, घ. तिसरी च, छ, ज, झ. चौथी ट, ठ, ड, ढ, ण. पाचवी त, थ, द, ध, न. सहावी प, फ, ब, भ, म. सातवी य, र, ल, व. आठवी श, स, ह, ळ. मागच्या बाजूला शून्य ते नऊ आकडे आणि घरातल्या माणसांची नावं.

ऱ्हस्व-दीर्घ काढून टाकले आहेत, 'ष' गेला आहे, 'ऐ' हवा असेल तर अ आणि इ, 'औ' हवा असेल तर अ आणि उ. जोडाक्षराला वेगळी खूण ठेवायची नाही, अक्षरं नुसती एकापुढे एक घ्यायची. 'त्रास' सांगायचा तर त, र, आ, स. ऐकणाऱ्याच्या कानात 'तरास' उमटतं, आणि गावाकडच्या आज्या तसंच म्हणतात, त्यामुळे कळायला काही अडत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचा. निवृत्त मुख्याध्यापक आजारी असतील तर त्यांना हे जड जातं आणि ते 'ष'साठी अडून बसतात. त्यांच्या तक्त्यात 'ष' घालून द्यावा.

आता पद्धत. ऐकणारा समोर बसतो आणि ओळी मोठ्याने विचारत जातो: मात्रा? क? च? ट? त? प? ओळ बरोबर आली की आजारी माणूस ठरलेली खूण करतो. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक विचारायची. प? खूण आली, अक्षर वहीत लिहायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

मात्रांची ओळ पहिली का, हे 'पाणी' या शब्दावर मोजून पाहण्यासारखं आहे. आपण स्वरांची ओळ शेवटी, आठवी ठेवली आणि ती शाळेच्या सवयीने अ, आ, इ अशी लावली, असं धरू. 'प'साठी पाच ओळी आणि एक अक्षर, सहा प्रश्न. 'आ'साठी आठ ओळी आणि दोन अक्षरं, दहा. 'ण'साठी तीन आणि पाच, आठ. 'ई'साठी आठ आणि तीन, अकरा. एकूण ३५. आता तीच ओळ वर आणली आणि 'अ' तिच्या शेवटी टाकला. 'प' सात, 'आ' दोन, 'ण' नऊ, 'ई' तीन. एकूण २१. अक्षरं तीच आहेत, खूण तीच आहे, नुसती एक ओळ उचलून वर ठेवली आणि चौदा प्रश्न वाचले. मराठीत व्यंजनामागे मात्रा इतक्या वेळा येते की तिला रांगेत शेवटी उभं करणं परवडत नाही.

या मांडणीत सगळ्यात स्वस्त शब्दांपैकी एक आहे 'आई'. पाच प्रश्नांत येतो. 'बाबा'ला बावीस लागतात. कोणी मुद्दाम केलेलं नाही, हिशेबच तसा पडतो.

एका प्रश्नाला एक ते दीड सेकंद धरले तर 'पाणी' अर्ध्या मिनिटात होतं. आपण एरवी मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, इथे मिनिटाला दोन. या वेगात 'जरा', 'म्हणजे', 'तसं नाही' हे सगळे शब्द गळून पडतात आणि सभ्य माणसाचं बोलणंही हुकूम दिल्यासारखं वाटू लागतं. 'पंखा.' 'उठव.' 'नको.' घरच्यांना याचा राग येतो, आणि तो का येतो हे त्यांना कळत नाही. 'कृपया'चे प्रश्न मोजून दाखवले की राग जरा ओसरतो.

खूण ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. पापणी मिटणं ही खूण सगळ्यांना आधी सुचते, पण माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा अशीच पापणी लववतो, त्यामुळे कुठली खरी आणि कुठली सवयीची याचे वाद होतात. 'हो'साठी डोळे वर, छताकडे, आणि 'नाही'साठी डोळे दोन सेकंद घट्ट मिटणं, ही जोडी बरी चालते. मानेवर विसंबू नये. आपल्याकडे 'हो'लाही मान आडवीच डोलते, आणि मान दुबळी झाली की हो-नाहीचा फरक उरत नाही. ठरलेली खूण मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवायची, आणि तिची दुसरी प्रत दवाखान्याच्या फायलीत, सगळ्यात वर. रात्री दोन वाजता वॉर्डात दाखल करावं लागलं तर तिथल्या सिस्टरना हा कागद पहिल्यांदा दिसला पाहिजे.

प्रश्नही नीट विचारावा लागतो. 'चहा हवाय की पाणी?' याला हो-नाहीत उत्तर नसतं. 'झोप नाही लागली का?' याला वर पाहिलं तर काय समजायचं? हो, लागली? की हो, नाही लागली? बोलता येणारा माणूस अशा प्रश्नाला 'नाही ना' म्हणून सुटतो, याला ती सोय नाही. 'झोप लागली?' एवढंच विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत मनात पाच आकडे मोजायचे. थकलेल्या स्नायूंची खूण उशिरा येते, तोवर आपण पुढच्या प्रश्नावर गेलेलो असतो आणि तिसऱ्याच गोष्टीला 'हो' मिळतं.

अंदाज करावा की नाही, हे त्या माणसालाच एकदा विचारून घ्यावं. काहींना अर्ध्यात शब्द ओळखला की हायसं वाटतं. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण अख्ख्या दिवसात तेवढंच एक वाक्य त्यांना स्वतः पुरं करायचं असतं. परवानगी असेल तर तिसऱ्या अक्षरानंतर एकच अंदाज सांगायचा आणि 'हो' आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तक्त्याच्या वरच्या कडेला तीन वाक्यं कायमची हवीत: 'चुकलं, पुन्हा', 'थांबा, मला बोलायचंय' आणि 'नंतर सांगतो'. विकत मिळणाऱ्या तक्त्यांत भूक, तहान, शी, शू सगळं असतं, ही तीन नसतात. त्यांच्याशिवाय माणसाला नुसतं मागता येतं, बोलता येत नाही.

ओळ सारखी चुकायला लागली तर आधी चष्मा कुठे आहे ते पाहावं. जवळचा चष्मा उशाखाली राहून गेलेला असतो आणि घरात बुद्धीवर परिणाम झाल्याची चर्चा सुरू झालेली असते. या आजारात काहींच्या विचारशक्तीत खरोखर बदल होतो, पण तो निष्कर्ष चष्म्यानंतरचा. दुसरं कारण डोळ्यांचा कोरडेपणा. पापण्या कमी हलतात, नजर धुरकटते. तक्ता घेण्याआधी साध्या वंगणाच्या थेंबांनी फरक पडतो, मलम मात्र रात्रीच घालावं, त्याने तासभर सगळं अंधुक दिसतं. आणि तिसरं, जे चुकवू नये असं: सकाळी डोकं दुखतंय, गुंगी आहे, अक्षरं भलतीच येताहेत, तर रात्री श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल. त्यासाठी डॉक्टरांना फोन करायचा, तक्ता बदलायचा नाही. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

कागद ए-फोर, अक्षर अडीच सेंटिमीटर उंच, फिकट पिवळ्यावर काळं. चकचकीत लॅमिनेशन करू नये. पलंगावर आडव्या माणसाला त्यात ट्यूबलाइटच दिसते.

नजर चांगली असेल आणि समोरचा माणूस शिकायला तयार असेल तर याच आठ ओळी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर नेता येतात. तीन मिलिमीटर जाडीचा, ए-थ्री आकाराचा तुकडा घ्यायचा. साइनबोर्ड करणारे कापून देतात, कडा घासून घ्यायच्या. मधोमध तळहाताएवढी खिडकी कापायची. खिडकीभोवती आठ जागा: वर तीन, खाली तीन, डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येक जागी एक ओळ, आणि ओळीतली अक्षरंही तशीच गोल मांडलेली. हा तुकडा दोघांच्या चेहऱ्यांमधे, आजारी माणसापासून हातभर अंतरावर धरायचा. तो आधी अक्षराच्या ओळीकडे पाहतो, मग खिडकीतून तुमच्या डोळ्यांत, मग ते अक्षर त्याच्या गटात ज्या दिशेला आहे त्या दिशेच्या जागेकडे. एका अक्षराला दोन नजरा, 'पाणी'ला आठ. एकवीस प्रश्न कुठे आणि आठ नजरा कुठे.

अडचणी इथेही आहेत. तुमच्या बाजूने अक्षरं उलटी दिसतात, म्हणून मागून लहान स्टिकर सुलटे लावायचे. जागा एकमेकींच्या फार जवळ असल्या तर वरची मधली की वरची उजवी हे नजरेवरून कळत नाही, दोन गटांत निदान दहा-बारा सेंटिमीटर हवेत. पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरला की अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे पडून ते धुकट होतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. आणि तुमच्या पाठीमागे खोलीची उघडी खिडकी असेल तर तुम्हाला त्याचे डोळे दिसतात, त्याला मात्र नुसता उजेड दिसतो.

हात चालत असतील तर यातलं बरंचसं लागत नाही. भारतात पुरुषांमधे तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वरच्या क्रमांकावर आहे. तंबाखू-गुटख्याने जीभ किंवा घसा गेलेली माणसं पॅलिएटिव्ह केअरमधे खूप दिसतात, आणि त्यांचे हात शाबूत असतात. त्यांना साडेआठ इंची एलसीडी पाटी द्यावी, दोन-तीनशे रुपयांत मिळते. आतला बटणासारखा सेल फक्त पुसायला लागतो, त्यामुळे तो महिनोन्‌महिने टिकतो. तिची दोन दुखणी आहेत: मंद उजेडात अक्षर दिसत नाही, आणि पुसायच्या बटणावर अंगठा पडला की अख्खा मजकूर जातो. मागचं लॉक लावून ठेवायचं. रात्रीला पांढरा बोर्ड आणि जाड मार्कर बरा. बोलणं अस्पष्ट आहे पण गेलेलं नाही, अशा माणसाला आठ ओळींचा तक्ता हातात द्यावा आणि प्रत्येक शब्द बोलताना त्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायला सांगावं. 'मामा'च्या वेळी बोट 'ब'वर असेल तर मामा उठत नाहीत. बोटाने वेग कमी होतो आणि शब्द सुटे पडतात, हा दुसरा फायदा.

गळ्यात श्वासाची नळी असेल तर बोलण्याची झडप मिळते. ती श्वास आत घेऊ देते, बाहेर सोडताना मिटते आणि हवा स्वरयंत्राकडे वळवते. नळीभोवतीचा फुगा फुगलेला असताना ही झडप लावली तर हवा बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि माणूस गुदमरतो. फुगा पूर्ण रिकामा करून, सक्शन करून, म्हणजे साठलेला कफ यंत्राने ओढून, पहिल्या वेळी तज्ज्ञासमोरच. घरी कोणी 'लावून तर बघू' म्हणू नये.

घंटीचं आता सांगतो आहे, पण घरात यायला हवी ती तक्त्याच्याही आधी. तक्त्याला समोर कोणीतरी बसलेलं लागतं, आणि तो कोणीतरी स्वयंपाकघरात असतो. या आजारात हालचाल जाते, स्पर्श जात नाही. नाकावर बसलेला डास पुरता कळतो आणि हात उचलत नाही. विजेच्या दुकानातली बिनतारी बेल चालते, पण तिचं बटण दुबळ्या बोटाला कडक पडतं. दुरुस्तीवाल्याकडून त्या बटणाच्या दोन पायांना दोन वायरी जोडून घ्यायच्या आणि त्यांच्या टोकाला लांब पातं असलेला मायक्रोस्विच लावायचा. पात्याला फुंकरीपेक्षा थोडा जास्त दाब पुरतो. स्विच जिथे हालचाल सगळ्यात शेवटपर्यंत टिकेल तिथे बसवायचा: गालाशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, पायाच्या अंगठ्याशी.

ही घंटी दोन ठिकाणी दगा देते. वाजणारा भाग भिंतीतल्या सॉकेटला असतो, आणि वीज गेली की तो मुका. म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा, नाहीतर सेलवर चालणारा आणावा. दुसरा दगा जास्त वेळा होतो. दर दोन तासांनी कूस बदलताना स्विच चार बोटं सरकतो आणि पुढचे दोन तास माणूस गालाने हवा दाबत राहतो. कूस बदलणाऱ्याने घंटी वाजवून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही, हा नियम खूणकागदाच्या खालीच लिहावा. डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पण डोळ्यांचा संगणक वापरायचा असेल तर तो जाळीच्या आत घ्यावा लागतो, जाळीतून कॅमेऱ्याला डोळा नीट सापडत नाही.

तर तो संगणक. त्याच्या खालच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो, बुबुळावरची त्याची चमक आणि बाहुलीचं स्थान यांवरून नजर कुठे आहे ते तो ठरवतो. एखाद्या अक्षरावर नजर सेकंदभर थांबली की ते उमटतं. अंतर साठ-पासष्ट सेंटिमीटर हवं, आणि पडदा चेहऱ्याला समांतर. इथेच बहुतेक घरांत फसतं. यंत्र टेबलावर ठेवतात, माणूस तीस अंशांत मागे टेकलेला असतो, आणि 'यांना जमत नाही' असं ठरतं. चाकांचा, आडव्या हाताचा स्टँड यंत्राच्या बरोबरीनेच घ्यावा. ऊन, दुहेरी भिंगाचा चष्मा, खाली आलेली पापणी, मोतीबिंदू, बायपॅपच्या मास्कची चमक यांनीही नजर सुटते. मास्क बदलला की यंत्राला नजरेची ओळख पुन्हा करून द्यायची. किंमत लाखांत जाते, म्हणून आधी भाड्याने किंवा उसनं आणून आठवडाभर पाहावं. स्वस्तातली वाट फोनची. गुगलचं 'लुक टू स्पीक' २०२० पासून अँड्रॉइडवर फुकट आहे, नजर डावीकडे-उजवीकडे नेऊन ठरलेल्या वाक्यांतून एक निवडायचं. २०२४ पासून नव्या आयफोन-आयपॅडमधे नजरेने पडदा चालवण्याची सोय आतच आली आहे, फोन दीड फुटावर आणि अजिबात न हलणारा हवा. अँड्रॉइडमधे मराठी वाचून दाखवणारा आवाजही आहे, तो टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमधून आधी उतरवून घ्यावा, म्हणजे इंटरनेट नसताना फोन गप्प बसत नाही. तो आवाज पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलतो. आयुष्यभर मालवणीत किंवा वऱ्हाडीत भांडलेल्या माणसाला तो परका वाटतो, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

यंत्राने कागद बाद होत नाही. हाच आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत गेला, आणि संगणक येईपर्यंत ते अक्षरांच्या कार्डावर भुवई उचलून शब्द जुळवत होते. त्यांना पुढे जगातलं उत्तमातलं तंत्र मिळालं, तरी सुरुवात कार्डानेच झाली. आपल्याकडे वीज जाते, अपडेट येतो, स्टँडचा स्क्रू ढिला होतो, दवाखान्यात यंत्र नेऊ देत नाहीत. तेव्हा कागदच असतो.

आवाज पूर्ण जाण्याआधी तो साठवायचं काम निदानानंतरच्या पहिल्या महिन्यातलं आहे. सकाळची वेळ, माणूस ताजा, पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवू नये, ते आवाज आवळून टाकतं. फोनच्या रेकॉर्डरमधे सगळ्यात वरचा दर्जा निवडावा, एका फायलीत एक वाक्य, फायलीला मराठीत नाव आणि दोन ठिकाणी प्रत. काय साठवायचं हा खरा प्रश्न. 'मला पाणी द्या' साठवण्यात अर्थ नाही, ते यंत्रही म्हणेल. नातवाला मारायची हाक, 'अगं ऐकतेस का', सामना चालू असतानाची शिवी, 'असू दे, असू दे', हसणं, घसा खाकरणं. वाचा-उपचाराच्या तज्ज्ञांची मदत घ्यायची ती याच वेळी. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, मोठ्या रुग्णालयांत स्पीच थेरपिस्ट असतात, फक्त त्यांच्याकडे चिठ्ठी फार उशिरा जाते.

वहीबद्दल थोडं. अक्षरं मोठ्याने म्हणत लिहून घेतली नाहीत तर चौथ्या अक्षराला पहिलं विसरतं, म्हणून पेन वहीला दोरीने बांधलेलं हवं. महिन्याभरात ती वही विचित्र दिसू लागते. 'ख आ ज', 'क उ स', 'प अं ख आ', मधेच 'भ आ ज ई क अ श ई झ आ ल ई', आणि एखाद्या पानावर कर्जाच्या हप्त्याचा आकडा.

पुढे पुढे शब्द अर्ध्यात राहू लागतात. डुलकी लागते, मॉर्फिनचा डोस नुकताच झालेला असतो, किंवा डोळेच थकतात. जाग आल्यावर विचारावं, 'मघाचा शब्द पुढे न्यायचा?' पुष्कळदा डोळे घट्ट मिटले जातात. राहू द्यायचं. आणि काही शब्दांना विचारायची वेळच येत नाही. समजा वहीत शेवटचं 'स आ' आहे. धाकट्या भावाला त्यात सातारचं घर दिसेल, सुनेला साडी, बायकोला साखर, कारण शेवटचे चार महिने चहा बिनसाखरेचा होता. कोणीही पेन घेऊन पुढची अक्षरं भरू नयेत. 'स आ', तारीख, वेळ, आणि उरलेली ओळ कोरी.